हुगळीकाठचा एक संसार



कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला, की तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी मजूर ह्यांवर बोलणार असे श्रोते धरूनच चालतात. आम्ही आज बोलणार आहोत ते सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी इंग्लंडातून बंगालमध्ये आलेल्या एका ख्रिस्ती कुटुंबाविषयी. पण काळजी नसावी. मजुरीचा प्रश्न ह्याही गोष्टीत आहे. किंबहुना आमच्या दृष्टीने तोच मुख्य आहे.

विल्यम कॅरी हे नाव, ज्यांनी मराठी भाषेचा इतिहास थोडाफार चाळला आहे, त्यांच्या कानांवरून गेलेले असेल. १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली मराठीचा इंग्रजी अर्थांसह कोश काढला. आम्हांस हे नाव प्रथम भेटले ते ग्रंथालयात नव्हे, तर खिळ्यांत. वयाच्या पंधराव्या वर्षी आम्ही तालुक्याच्या गावी एका छापखान्यात जुळारी म्हणून लागलो. कोणा प्राध्यापकांच्या पुस्तिकेचा मजकूर जुळवायला आला होता, त्यात हा कॅरी होता, आणि तो मुळात जोडे शिवणारा होता असे एक वाक्य होते. जुळाऱ्याला अक्षरे उलटी वाचावी लागतात. आमचे जे काही शिक्षण झाले ते असे, उलटे वाचून झाले. पण चांभारकाम करणाऱ्या माणसाने आपल्या भाषेचे व्याकरण लिहावे, ही गोष्ट त्या वयात मनाला अशी चिकटली की पुढे चळवळीच्या धावपळीतही त्याच्याविषयी हाती येईल ते आम्ही वाचीत गेलो. जसजसे वाचीत गेलो, तसतसे आमचे लक्ष त्या माणसावरून ढळून त्याच्या बायकोकडे जाऊ लागले.

चरित्रकारांची एक रीत आहे. ते कॅरीला अहोजाहो करतात आणि त्याच्या बायकोचा उल्लेख झालाच तर एकेरीत. आम्ही आज उलटे करणार आहोत. कॅरीला ‘तो’ म्हणू, आणि डॉरथीबाईंना बाई.

१७८१ च्या जून महिन्यात नॉर्दम्प्टनशायर परगण्यातल्या पिडिंग्टन ह्या खेड्याच्या देवळात ह्या दोघांचे लग्न झाले. नवरा विणकराचा मुलगा, वय वर्षे एकोणीस, एका जोडेवाल्याच्या हाताखाली काम करणारा. नवरी त्याच्याहून पाचसहा वर्षांनी मोठी. नोंदवहीत सही करण्याची वेळ आली तेव्हा बाईंनी फुली काढली. लिहिता येत नव्हते. ही फुली ध्यानात ठेवावी. बाईंनी स्वतःच्या हाताने इतिहासात ठेवलेली एवढीच खूण आपल्यापुढे निश्चित आहे. बाकी सारे त्यांच्याविषयी दुसऱ्यांनी लिहिलेले.

कॅरीची बुद्धी विलक्षण होती ह्यात शंका नाही. जोडे शिवता शिवता तो लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. मोल्टन गावी शाळा चालवी, बाप्टिस्ट पंथाच्या मंडळीत उपदेश करी, आणि पोट भरेना म्हणून पुन्हा आरी हाती घेई. कागद चिकटवून केलेला जगाचा एक मोठा नकाशा त्याने भिंतीवर लावला होता, आणि देशोदेशींच्या लोकसंख्या नि धर्म त्यावर टिपून ठेवले होते. त्या नकाशासमोर बाई स्वयंपाक करीत असतील, पोरे निजवीत असतील. दोन मुली त्यांनी त्याच काळात पुरल्या.

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावी एका घराच्या मागच्या खोलीत डझनभर माणसे जमली आणि परदेशी धर्मप्रसारासाठी एक संस्था काढली. जागच्या जागी आकडे घातले गेले. बेरीज झाली १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. वर्गणी गोळा करणे हा आमचा आयुष्याचा उद्योग आहे, तेव्हा अशा बेरजेला आम्ही हसणार नाही. परंतु पुढल्याच जानेवारीत, त्या संस्थेच्या सभेत, बंगालमध्ये राहून आलेल्या डॉ. जॉन टॉमस नावाच्या जहाजी वैद्याबरोबर हिंदुस्थानात जाण्यास कॅरी तयार झाला, तेव्हा त्या सभेत डॉरथीबाई नव्हत्या. निर्णय घरी आला तो ठराव मंजूर झाल्यावर.

बाई नाही म्हणाल्या. त्यांच्या पदरी तीन मुलगे होते, चौथे मूल पोटात होते. फ्रान्सशी युद्ध नुकतेच पेटले होते आणि समुद्रावर जहाजे लुटली जात होती. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना परवाना देत नसे, म्हणजे जाणे चोरून. ज्या बाईचे सारे आयुष्य दोनचार खेड्यांच्या पंचक्रोशीत गेले, तिने ह्या बेताला नाही म्हणावे, ह्यात आम्हांस तरी शहाणपणाच दिसतो. जुन्या चरित्रकारांना मात्र त्यात अश्रद्धा दिसली.

एप्रिल १७९३ मध्ये कॅरी सात वर्षांच्या फेलिक्सला घेऊन निघाला. जहाज वाइट बेटापाशी अडकून पडले आणि परवान्याचा बोभाटा झाल्यावर कप्तानाने त्यांना सामानासकट उतरवून दिले. टॉमस वैद्यांच्या पाठीस सावकार लागलेले होते, तेही एक कारण. ह्या घोटाळ्यात काही आठवडे गेले, तोवर बाई बाळंत झाल्या, मुलगा झाला, त्याचे नाव जेबेझ. लंडनात एका डॅनिश जहाजावर जागा मिळाल्यावर कॅरी आणि टॉमस रातोरात पिडिंग्टनला गेले आणि बाईंना पुन्हा विचारले. बाई पुन्हा नाही म्हणाल्या. दोघे निघाले, थोडी वाट चालून गेल्यावर टॉमस माघारी फिरला आणि बाईंना म्हणाला की आत्ता आला नाहीत तर कुटुंब कायमचे दुभंगेल, आणि जन्मभर पश्चात्ताप कराल. बाई पुढे सांगत, की त्या शेवटच्या शब्दांनी आपण इतक्या भ्यालो की मागे राहवेना. बहीण किटी सोबत आली तर येते, एवढी एकच अट त्यांनी घातली. किटी तयार झाली. एका दिवसात घर विकून, बांधाबांध करून, तीन आठवड्यांचे बाळ घेऊन ही माणसे निघाली. रात्री दारात येऊन, बाळंतिणीला जन्माच्या पश्चात्तापाची धमकी घालून मिळवलेल्या होकाराला आमच्या व्यवहारात वाटाघाट म्हणत नाहीत.

१३ जून १७९३ ला जहाज सुटले आणि ११ नोव्हेंबरला ते कलकत्त्यास पोहोचले. पाच महिने पाण्यावर.

बंगालमधले पहिले सात महिने म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन केलेली वणवण होय. विकून निर्वाह करावा म्हणून बरोबर आणलेला माल टॉमसच्या ताब्यात होता. त्याचे पैसे पाहता पाहता उडाले. कलकत्ता परवडेना म्हणून बांडेलला, तिथून पुन्हा कलकत्त्याजवळ माणिकतळ्याला, एका बंगाली सावकाराने दिलेल्या बागेतल्या पडक्या घरात. डॉरथीबाई आणि फेलिक्स रक्तीआवेने अंथरुणाला खिळले. ह्या काळातली कॅरीची रोजनिशी उपलब्ध आहे. तीत तो कष्टी होऊन लिहितो की बायको आणि मेहुणी कुरकुर करतात, आणि त्यांचे विशेष दुःख पावाचे आहे. पाव मिळत नाही. आम्ही ह्या ओळीवर बराच वेळ थांबलो होतो. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला आपला माणूस उद्या परमुलखात नुसत्या पावावर ठेवला तर तो काय म्हणेल? भाकरी ही काय चैनीची वस्तू आहे? आणि त्याच वेळी टॉमस वैद्य कलकत्त्यात बऱ्यापैकी थाटात राहत होता, हे बाईंना दिसत नव्हते असे थोडेच आहे.

फेब्रुवारी १७९४ मध्ये ही मंडळी नावेतून सुंदरबनात देभाटा येथे गेली. जमीन फुकट मिळत होती, कारण वाघांच्या भयाने माणसे तिथे टिकत नव्हती. कंपनीच्या मिठाच्या खात्यातला शॉर्ट नावाचा एक अधिकारी तिथे होता; त्याने ह्या अनोळखी सात जीवांना आपल्या घरात ठेवून घेतले. स्वतः धर्माबिर्माच्या फंदात न पडणारा हा गृहस्थ ह्या साऱ्या कथेतला आम्हांस सर्वांत सरळ माणूस वाटतो. पुढे किटीने त्याच्याशी लग्न केले. किटीचे भले झाले, परंतु डॉरथीबाईंची एकुलती एक अट, बहिणीची सोबत, तीही अशा रीतीने सुटली.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस जॉर्ज उडनी नावाच्या व्यापाऱ्याने कॅरीला मालद्याच्या उत्तरेस मदनाबाटी येथल्या निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहण्याची नोकरी दिली. पगार दरमहा २०० रुपये. निळीचा हंगाम संपला की वर्षाचे बरेच महिने मोकळे, त्यांत बंगाली आणि संस्कृत शिकायची, भाषांतरे करायची. आता आपली कमाई पुरते, संस्थेचे पैसे मला नकोत, ते दुसऱ्या कामाला लावा, असे कॅरीने विलायतेला कळवले. उत्तर आले ते असे की, व्यापारधंद्यात गुंतून धर्मकार्य विसरू नये. पगार नको म्हणणाऱ्या माणसाला वरून कानपिचक्या! वरिष्ठ कचेरीत बसणाऱ्या समित्यांचा हा स्वभाव आमच्याही चळवळीत पुष्कळदा अनुभवास आला आहे. त्याला धर्माचे किंवा देशाचे बंधन नाही.

मदनाबाटीला ऑक्टोबर महिन्यात पाच वर्षांचा पीटर तापाने गेला. कॅरी स्वतः तापातून नुकता उठत होता. खड्डा खणायला कोणी येईना. प्रेताला हात लावला तर जात जाईल, हे भय. अखेर महत्प्रयासाने चार मुसलमान माणसे खड्डा खणायला तयार झाली, पण पेटी उचलायला कोण, हा प्रश्न उरलाच, आणि तोही मोठ्या मिनतवारीने सुटला. आपल्याकडे ही हकिकत सांगताना बंगालच्या अडाणीपणाकडे बोट दाखवायचा मोह होतो. आपल्या गावोगावच्या स्मशानांत आजही कोणत्या जातीने कुठे जाळायचे ह्यावरून काय चालते, हे आठवून आम्ही तो मोह आवरतो.

ह्यानंतर डॉरथीबाईंचे मन ढासळले. १७९५ पासून त्यांना भ्रम होऊ लागले. नवरा आपल्याशी प्रतारणा करतो अशी त्यांची खात्री पटली, त्या त्याच्यावर पाळत ठेवीत, रस्त्यात मोठ्याने दोष देत, कधी अंगावर धावून जात. १७९६ च्या जानेवारीत, ह्याच अवस्थेत, जोनाथन जन्मला. घरची पहिली पत्रे विलायतेहून आली ती मे १७९५ मध्ये, म्हणजे निघाल्यावर जवळजवळ दोन वर्षांनी. त्या दोन वर्षांत बाईंशी त्यांच्या भाषेत बोलणारी बहीण गेली, मुलगा गेला, घर चार वेळा हलले. पुढे त्यांना खोलीत कोंडून ठेवावे लागू लागले. त्या काळी मनाच्या आजारावर औषध म्हणजे कुलूपच होते, हे कॅरीच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्याने त्यांना टाकले नाही, हेही सांगितले पाहिजे.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. आमचे वडील मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत वडील होते, आणि ते शेवटपर्यंत आत गेले नाहीत. ह्याचा आम्हांस अभिमान आहे आणि सभांतून तो आम्ही अनेकदा सांगितलाही आहे. संपावर जाण्याविषयी आईला कोणी विचारले होते काय, हा प्रश्न मात्र आम्हांस वयाच्या चाळिशीपर्यंत सुचला नाही. तिने डोरले मोडले, धुणीभांडी धरली, आणि शेवटी दोन पोरांना घेऊन चाळीतून गावी आली. त्या दिवसांविषयी ती कधी बोलली नाही. पुढे आम्ही चळवळीत पडलो तेव्हा आमच्या घरीही तेच झाले. फाटकासमोर आम्ही रात्र रात्र घोषणा देत बसलो, आणि घरी मुलाला न्युमोनिया झालेला होता. त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेले ते सौभाग्यवतींनी, एकटीने. तेव्हा कॅरीला दोष देण्यासाठी हे आम्ही सांगत नाही. त्याच्या बाकावर आम्हीही बसलेलो आहोत.

असो. १७९९ पर्यंत पुराने आणि नापिकीने निळीचा कारखाना बुडाला. त्याच सुमारास विलायतेहून नवी मंडळी आली, आणि कंपनीच्या मुलखात त्यांना थारा मिळणे कठीण दिसताच ती श्रीरामपूरला उतरली. आपल्या साखर कारखान्यांचे श्रीरामपूर नव्हे. कलकत्त्याच्या वर हुगळीच्या पश्चिम काठावरचे, तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात असलेले. तिथला गव्हर्नर कर्नल बी ह्याने त्यांना आसरा दिला. १० जानेवारी १८०० ला कॅरी आपले कुटुंब आणि उडनीने घेऊन दिलेले लाकडी छापयंत्र घेऊन तिथे आला. हे यंत्र मदनाबाटीला आले तेव्हा लोक ते पाहायला जमत आणि हा इंग्रजांचा देव असे म्हणत. आमच्या छापखान्यातल्या म्हाताऱ्या यंत्रचालकाला ही गोष्ट आम्ही सांगितली तेव्हा तो म्हणाला, “मग चुकले कुठे?” दसऱ्याला तो यंत्राला झेंडू वाहत असे.

श्रीरामपुरात जे घडले ते आमच्या मते ह्या इतिहासातले सर्वांत मोलाचे प्रकरण आहे. सहा हजार रुपयांना एक मोठे घर घेतले आणि त्यात साऱ्या कुटुंबांनी एक चूल मांडली. जो तो जे मिळवील ते सामाईक पेटीत टाकायचे. स्वतःचा खाजगी धंदा करायचा नाही. प्रत्येक कुटुंबाने खर्चापुरती थोडी रक्कम उचलायची. घरकारभार महिन्या महिन्याने एकेकाने पाळीने पाहायचा. कॅरी खजिनदार, औषधांची पेटीही त्याच्याकडे. आणि शनिवारी संध्याकाळी सर्वांनी बसून आठवडाभरातली आपापसांतली भांडणे मिटवायची. हा शनिवारचा नियम आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले आणि आमच्या युनियनच्या कार्यकारिणीची आठवण काढली. आमच्याकडे असा एक शनिवार असता तर निदान दोन फुटी टळल्या असत्या.

पेटीत टाकायला पैसाही येऊ लागला. विणकराचा मुलगा जोशुआ मार्शमन आणि त्याची पत्नी हॅना ह्यांनी युरोपीय मुलांसाठी निवासी शाळा काढली. ती चांगली चालली, आणि तिचा भार मुख्यतः हॅनाबाईंच्या अंगावर होता. डर्बीचा मुद्रक आणि एके काळचा वृत्तपत्राचा संपादक विल्यम वॉर्ड छापखाना पाहू लागला. १८०१ साली बंगाली नवा करार छापून निघाला. त्याच वर्षी लॉर्ड वेलस्लीने काढलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरीला बंगाली शिकवण्यासाठी दरमहा ५०० रुपयांवर नेमले. पुढे संस्कृत आणि मराठीही त्याच्याकडे आली आणि १८०७ मध्ये पगार १००० झाला. तो सारा पेटीत जाई. कॉलेजात आणि गव्हर्नर जनरलच्या बंगल्यावर बरे कपडे घालून जाता यावे म्हणून त्याला थोडी जादा रक्कम मिळे, एवढाच काय तो भेद. अशाच एका खान्याच्या वेळी कोणा अधिकाऱ्याने, हा पूर्वी जोडे करीत असे ना, असे मुद्दाम ऐकू जाईल असे विचारले. कॅरीने सांगितले, की नाही, नवे जोडे करणारा नव्हे, जुने सांधणारा.

मुलांचे काय? आई कोंडलेली, बाप भाषांतरात बुडालेला. श्रीरामपूरला आली तेव्हा ती पोरे रानासारखी वाढलेली होती, असे हॅनाबाईंनी लिहून ठेवले आहे. त्यांनी आणि वॉर्डने त्यांना हाताशी धरले. वॉर्डने फेलिक्सला छापखान्यात घेतले, खिळ्यांना लावले. जे काम एका कुटुंबाला झेपत नव्हते, ते सामाईक चुलीने झेपले. डॉरथीबाईंसाठी मात्र ही चूल सहा वर्षे उशिरा पेटली.

२८ डिसेंबर १८०० हा दिवस मिशनच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिला जातो. कृष्ण पाल नावाचा सुतार, ज्याचा निखळलेला खांदा टॉमस वैद्याने बसवला होता, त्याला त्या दिवशी हुगळीच्या पाण्यात बाप्तिस्मा दिला, त्याच्याबरोबर फेलिक्सलाही. घाटावर गव्हर्नर हजर होता, गोरे आणि काळे लोक जमले होते. त्याच वेळी मिशनच्या आवारात एका खोलीत डॉरथीबाई कोंडलेल्या होत्या आणि दुसरीकडे डॉ. टॉमस, आनंदाच्या भरात भ्रम होऊन, मोठमोठ्याने ओरडत होता. ज्याने पिडिंग्टनच्या दारात जाऊन बाईंना भिववले तोच हा टॉमस. पुढल्या वर्षी तो वारला. धर्मांतराच्या बऱ्यावाईटाविषयी आज आम्हांस काही म्हणावयाचे नाही. तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता मराठीकडे येऊ. श्रीरामपूरला पंचानन कर्मकार हा कारागीर आला. चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली त्याने पूर्वी बंगाली खिळे पाडले होते. देवनागरीचे खिळे त्याने हाती घेतले. तो लवकरच वारला, पण त्याचा जावई मनोहर ह्याने पुढे अनेक वर्षे ते काम चालवले. ज्याने देवनागरी जुळवली आहे त्यालाच ह्या कामाची जात कळेल. इंग्रजीला सव्वीस अक्षरांचे दोन संच की काम भागले. आपल्याकडे जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, रफार. केसमध्ये शेकडो घरे, आणि एक खिळा चुकीच्या घरात पडला की वाक्याचा अर्थ फिरतो. कॉलेजातले मराठीचे पंडित वैजनाथ ह्यांच्या साहाय्याने कॅरीने व्याकरण तयार केले आणि १८०५ साली ते देवनागरी खिळ्यांत निघाले. पुढे मोडीचेही खिळे पाडले. पेशवाई अजून उभी होती, आणि मराठीची ही पुस्तके पुण्यात नव्हे, तर बंगालमधल्या एका डॅनिश गावात छापली जात होती.

आमच्या मनात हे १८०५ साल जरा निराळ्या तऱ्हेने राहिले आहे. डॉरथीबाईंचा आजार त्या वेळी दहा वर्षांचा झाला होता. कॅरीच्या सोबत्यांनी लिहून ठेवले आहे, की शेजारच्या खोलीत बाईंचा आक्रोश चालू असताना तो पंडितांसह भाषांतरे करीत बसे. आपल्या नामांच्या विभक्ती, आपल्या क्रियापदांचे काळ इंग्रजीत प्रथम नीट मांडले गेले ते अशा घरात. मराठी भाषेच्या इतिहासात वैजनाथ पंडितांना एक ओळ मिळते, पंचाननाला कधी अर्धी. बाईंचे नाव तिथे नाही, आणि ते असण्याचे कारणही कोणाला दिसणार नाही.

८ डिसेंबर १८०७ ला डॉरथीबाई तापाने वारल्या. वय पन्नाशीच्या थोडे पुढे. त्यांपैकी चौदा वर्षे बंगालमध्ये, आणि त्यांतली बारा त्या अवस्थेत. जुन्या चरित्रांतून त्यांची वासलात, थोर पुरुषाच्या मार्गातली धोंड, अशीच लावलेली आढळते. जेम्स बेक नावाच्या लेखकाने त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले ते १९९२ साली, म्हणजे मृत्यूनंतर १८५ वर्षांनी.

पुढचा इतिहास लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. पाच महिन्यांनी, मे १८०८ मध्ये, कॅरीने शार्लट रुमोर ह्या डॅनिश बाईंशी लग्न केले. त्या शरीराने अधू, पण सुशिक्षित होत्या आणि त्याच्या कामात सहभागी झाल्या. ११ मार्च १८१२ ला छापखान्याला आग लागून हस्तलिखिते, कागद, खिळे गेले. वितळलेल्या शिशाचे गोळे राखेतून काढून लगेच नवे खिळे ओतायला घेतले. १८१८ साली कॉलेज निघाले, ‘समाचार दर्पण’ हे बंगाली वृत्तपत्र निघाले. कागद विलायतेचा महाग आणि देशी कागदाला किडा लागे, म्हणून मिशनने स्वतःची कागदाची गिरणी घातली. ती पायांनी तुडवून फिरवायच्या मोठ्या चाकावर चाले, आणि चाळीस चाळीस माणसांच्या पाळ्या त्यावर लावलेल्या असत. तिथे अपघात होऊन एक मजूर मेला. त्यावरून वाफेचे यंत्र आणण्याची कल्पना निघाली, आणि १८२० साली इंग्लंडमधल्या बोल्टनहून बारा अश्वशक्तीचे यंत्र आले. ते पाहायला लोकांच्या झुंडी लोटत. त्या यंत्राच्या बनवणाऱ्यांची नावे पुस्तकांत आहेत. चाकावर मेलेल्या मजुराचे नाव चरित्रकार देत नाहीत.

फेलिक्सची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आईच्या नकारानंतरही बापाचे बोट धरून जहाजावर चढलेला तो पहिला मुलगा. तो उत्तम मुद्रक झाला, वैद्यक शिकला, १८०७ साली ब्रह्मदेशात गेला आणि तिथे देवी टोचण्याचे काम सुरू केले. १८१४ साली इरावती नदीत नाव उलटून त्याची बायको आणि मुले बुडाली. त्याने ब्रह्मी राजाची वकिली पत्करली. बापाला त्याचे फार दुःख झाले, कारण मिशनऱ्याने राजाचा वकील व्हावे ही त्याच्या लेखी बढती नव्हती. पुढे तो काही वर्षे भटकत राहिला, मग श्रीरामपूरला परतला, बंगालीत शरीरशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिला आणि १८२२ साली, सदतिसाव्या वर्षी, वारला. जेबेझ, ज्याला तीन आठवड्यांचा असताना उचलून आणले होते, तो अंबोयना बेटावर आणि नंतर अजमेरला काम करीत राहिला.

कॅरी ९ जून १८३४ ला श्रीरामपूरला मरण पावला. एक्केचाळीस वर्षांत तो एकदाही मायदेशी गेला नाही. हयातभर हजारोंनी मिळवूनही त्याच्यापाशी ठेव अशी उरली नव्हती. जेबेझला काही देता यावे म्हणून ग्रंथसंग्रह विकावा, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले होते. पुरण्याविषयीही त्यात सूचना होती. आपल्याला दुसऱ्या पत्नीच्या, शार्लटच्या शेजारी पुरावे, असे त्याने सांगून ठेवले होते, आणि त्याप्रमाणे केले गेले.